अंगठी हलवतं कोण?

सुटीच्या दिवशी बजाजनगरात एका पत्र्याच्या शेडपुढं चपलांचा ढीग पडायचा. आत अंगठीबाबा बसायचे. अभ्यासात मागं पडलेल्या पोरांच्या हाती ते दोऱ्याला बांधलेली अंगठी देत, खाली पाण्याची परात ठेवत आणि बजावत, "हात हलवायचा नाय. नुसतं अंगठीकडं बघायचं." थोड्या वेळानं अंगठी डोलू लागे.

"हात तर हलला नाय. मग हलवतंय कोण?" बाबा गर्दीला विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "बाहेरचं. तेच अक्षरं खातंय." दिवसभर कारखान्यात यंत्रं चालवणारी माणसं हात जोडत.

सत्यभामा माझी विद्यार्थिनी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. तोंडी विचारलं तर ती नीट सांगायची, पेपरात मात्र निम्मे प्रश्न कोरे. बाहेर सायकलची घंटी वाजली तरी तिचं वाचन तुटायचं आणि ती पुन्हा पहिल्या ओळीवर यायची. तिचे वडील केरबा वैजापूरकडचे. मेंढरं विकून ते वाळूजला कामाला लागले होते. बाबांनी त्यांना पोरीचं कॉलेज बंद करायला आणि रोज दिवेलागणीला तिला मिरच्यांची धुरी द्यायला सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळं परीक्षा पुढं गेली होती, आणि त्या मोकळ्या दिवसांत घरात धूर चालला होता.

मी भेटायला गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती. डोळे सुजलेले. त्रास होतो का, असं विचारलं.

"आधी व्हायचा, सर. आता काय वाटत नाय," ती म्हणाली.

पुढच्या सुटीला मी त्या बापलेकींबरोबर शेडमध्ये गेलो. सत्यभामाच्या हातात अंगठी डोलली. मी केरबांना ती धरायला सांगितली. त्यांच्याही हातात डोलली. "बापालाबी लागलंय," बाबा लगेच म्हणाले. मग मी धरली, माझ्या मागच्या माणसानं धरली, सगळ्यांच्याच हातात डोलली. शेवटी मी केरबांचा हात शेडमधल्या विटांच्या थरावर टेकवला, बोटंही विटेवर दाबून ठेवली. अंगठी हळूहळू थांबली.

आपला अधांतरी हात कधीच पूर्ण स्थिर नसतो, मी लोकांना सांगितलं. नजर अंगठीवर असली की बोटं तिच्या झोक्याला नकळत झोका देतात. धरणाऱ्याला ते जाणवत नाही, म्हणून तो खोटं बोलत नसतो आणि म्हणूनच तो फसतो. बाबांनी आज मुहूर्त नाही म्हणून परात उचलली. काही माणसं उठली. बरीच बसून राहिली.

बाहेर आल्यावर केरबांनी विचारलं, "मग माझ्या लेकीला झालंय काय?"

ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी कान, डोळे, रक्त तपासायला लावलं. आई बानाबाईंना लहानपणचं विचारलं, गावच्या मास्तरांकडून पोर वर्गात कशी होती ते लिहून मागवलं. वेळ लावून वाचायला दिलं. कित्येक खेपा झाल्या. शेवटी निदान झालं: एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात जन्मापासूनची अडचण. अडचण काय, ती कशावरून ठरवली, तिच्यामुळं परीक्षेत काय अडतं आणि काय सवलत लागेल, हे सगळं त्यांनी अहवालात लिहिलं. अर्धा तास जादा आणि शांत खोली, एवढंच मागितलं होतं.

केरबांनी तो कागद उलटून पालटून पाहिला. मग म्हणाले, "बाई, राग मानू नका. ह्यो बी ताईतच नाय का?"

"तुमच्या बाबांकडून कधी कोणी 'हिला काही नाही' असं ऐकून परत गेलंय?"

केरबांनी आठवून पाहिलं. "नाय."

"माझ्याकडून जातात. कालच एका पोराला परत पाठवलं. रात्रपाळी करून कॉलेजला येतो तो. त्याला झोप हवी आहे."

आमच्या प्राचार्यांनी आधी नाक मुरडलं, उद्या सगळं कॉलेज असे कागद आणील म्हणाले. अहवाल पूर्ण वाचल्यावर सही केली. सत्यभामानं सगळे प्रश्न सोडवले आणि ती बेताच्या गुणांनी पास झाली. निकाल कळला तेव्हा ती हसली नाही, रडली नाही. पुढच्या वर्षाची पुस्तकं कुठं मिळतील, एवढं तिनं विचारलं.

बाबांची शेड अजून भरते. तिथं जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या लेकराला कोणीही तपासो, आधी त्या तपासणाऱ्याला विचारा, की काही झालेलं नसेल तर ते तुम्हाला कशावरून कळेल? याचं उत्तर ज्याच्याकडं नसेल, त्याच्या हाती लेकरू देऊ नका.