लोकल दार

तुंगार्लीच्या बंगल्यात साहेबांची जुनी रोल्स-रॉइस डाव्या दाराविना उभी होती. फांदी पडून दार चेपलं, तेव्हा नवलाख उंबरे गावच्या अंबाजीनं महिनाभर पत्रा ठोकून नवं घडवलं. साहेबांनी ते 'लोकल' म्हणून नाकारलं आणि त्याच मॉडेलचं अस्सल विलायती दार मागवलं. ते बसवायला पुन्हा अंबाजीलाच बोलावलं, पण ते काही केल्या बसेना.

"कापून बसव," साहेब म्हणाले.

अंबाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सायेब, कंपनी नुसतं इंजिन आन् सांगाडा द्यायची. वरची बॉडी येगयेगळ्या कारागिरांनी हातानं घडवलीया. एकीचं दार दुसरीला कसं बसंल?"

"कापतोस, की दुसरा बघू?"

अंबाजीनं कोपऱ्यातलं आपलं दार उचललं, चौकटीला लावलं, बिजागऱ्यांत पिना सरकवल्या. एका बोटानं ढकलताच ते खट्कन लागलं.

साहेबांचा चेहरा खुलला. "वा! राहू दे हेच."

"आता ऱ्हाऊ दे व्हय?" अंबाजीनं पिना उपसल्या आणि दार खांद्यावर घेतलं. "हातानं घडवलेली गाडी पायजे, पर हात इलायतीच पायजे! फिरा आता बिनदाराचं."