लाल-निळ्या वर्तुळांचे कागद

लालमहंमद बोटीची नोकरी संपवून पिंपरीला आला तेव्हा त्याच्या पेटीत बायकोसाठी एक जपानी छत्री होती आणि छत्रीखाली एकतीस छापील कागद. कागदांवर बारीक चौकटी, चौकटींत लाल-निळी वर्तुळं; शेवटचे काही कोरेच. झुलेखाने छत्री दुसऱ्याच दिवशी कामावर नेली. कागदांना हात लावायचा नाही, असं मात्र त्याने बजावलं होतं.

ही १९७८ सालची गोष्ट. नवरा दर्यावर असताना झुलेखा दापोलीहून भावाच्या, रियाजच्या आधाराने इकडे आली होती आणि चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली होती. रियाजचं चाकणला ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. बोटीच्या इंजिनावर बारा वर्षं काढलेला मेहुणा त्याला हवाच होता. तो तीनदा बोलवायला आला. लालमहंमद दरवेळी म्हणायचा, "थोडं थांब, राव." बोटींवर माणसं भरणाऱ्या मुंबईच्या एजंटच्या पत्राची तो वाट पाहत होता. पुढची बोट हाँगकाँगला जाणार, तिथून मकाऊ जवळ, आणि मकाऊला जुगाराचं ते टेबल, जिथे बसून त्याने हे कागद भरले होते.

चार महिने असे गेले. दिवसभर तो खाटेवर कागद मांडून बसे. झुलेखा भांडली नाही. एका गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, जेवणं झाल्यावर ती त्याच्याशेजारी येऊन बसली.

"मला शिकवा हे."

त्याचा चेहरा खुलला. "सोपं आहे. खेळाचं नाव बाकारा. दोन बाजू, बँकर आणि प्लेअर. ज्याची बेरीज नवाच्या जवळ, तो जिंकला. बँकर जिंकला की लाल, प्लेअर जिंकला की निळं. बरोबरी झाली तर हिरवी रेघ. एकच बाजू जिंकत राहिली की खाली खाली उतरायचं. बाजू बदलली की शेजारी नवी ओळ. ही लांब शेपूट बघ. अशी शेपूट धरली की माणूस तरला."

झुलेखाला ते पटकन समजलं, कारण कामावर तीही असाच तक्ता भरायची. दर अर्ध्या तासाला मशीनवरून निघालेल्या पाच पिनांची जाडी मोजायची आणि कागदावर ठिपका द्यायचा. मुकादम सुमनताईंनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की सात ठिपके ओळीने मधल्या रेषेच्या एकाच बाजूला गेले तर मशीन थांबवायचं, हत्यार झिजलेलं असतं. म्हणून क्षणभर तिला वाटलं, नवऱ्याचं खरंही असेल.

"पण इथे झिजतं काय?" तिने विचारलं.

"पत्त्यांत काय झिजणार? नशिबाची ओढ असते ती."

हे उत्तर तिच्या मनात खुपत राहिलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने सुमनताईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "रुपया उडवून बघ. आणि त्याच्या कागदाशी ताडून बघ."

पुढच्या गुरुवारी तो दाढी करायला गेला तेव्हा तिने गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढला. छापा लाल, काटा निळा. सत्तर वेळा रुपया उडवून तिने कागद भरला, मधूनमधून हिरव्या रेघाही ओढल्या, त्याच्या पाच कागदांत मिसळला आणि तो आल्यावर सहाही पुढे ठेवले.

"यात एक तुमचा नाही. कोणता ते सांगा."

कागदांना हात लावला म्हणून तो चिडला, पण पैज आवडलीही. त्याने एकेक कागद उजेडात धरला. एक बाजूला फेकला. "हा खोटा. यात जीवच नाही." मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा अस्सल. सलग सात लाल. हा डाव मला अजून डोळ्यांसमोर दिसतो."

"तो मी आज सकाळी ओट्यावर बसून केला," झुलेखा हळूच म्हणाली. "आणि फेकलात तो तुम्ही मकाऊहून आणलेला."

लालमहंमद उठून बाहेर गेला. संध्याकाळी परत आला. पुढचे आठ दिवस ती कामावरून यायची तेव्हा तो ओट्यावर रुपया उडवत बसलेला असायचा.

नवव्या दिवशी त्यानेच विषय काढला. "सलग आठ छापे पडले. नववाही छापाच, म्हणून मी शपथ घेतली असती. काटा पडला. झुलेखा, नाण्याला काही आठवत नाही गं."

"मशीनला आठवतं," ती म्हणाली.

त्याने हातातला रुपया खाली ठेवला. मग म्हणाला, "बोटीवर बेअरिंगचं तापमान आम्ही तासातासाला लिहायचो. आकडा चढत गेला की साहेब धावत खाली यायचे. ते कागद कधी खोटं बोलले नाहीत."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने तिच्या तक्त्याबद्दल विचारलं, आणि ती अंधार पडेपर्यंत सांगत राहिली.

एजंटचं पत्र आलं तेव्हा त्याने दोन ओळींत नकार कळवला आणि सोमवारी चाकणला गेला. पहिल्याच आठवड्यात कांद्याचा एक ट्रक आला. तो काळा धूर ओकत होता, आणि दोन गॅरेजांनी इंजिनच बदलायला सांगितलं होतं. लालमहंमदने आधी पाना उचलला नाही. ड्रायव्हर कोंडीरामला बसवून त्याने विचारलं, धूर केव्हापासून, किती चढला, कोणत्या घाटानंतर. मग इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढले. सहांतला एक ठिबकत होता; तेवढाच बदलला आणि धूर थांबला.

रात्री घरी झुलेखाला ते सांगताना तो जेवायचं विसरला. बाही कोपरापर्यंत काळी झाली होती.

"कोंडीराम म्हणाला, उद्या भावाचा ट्रकही आणतो," तो म्हणाला. "सकाळी लवकर निघेन म्हणतो."

"डबा करून ठेवते," झुलेखा म्हणाली, आणि तिने ताटात अजून एक भाकरी वाढली.