डावा दिवा जरा निळसर

माडीवरच्या खोलीत टेबल नव्हतं, टेबलातच खोली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छोट्या खेळातल्या रेल्वेचे रूळ, बोगदे, मालधक्का, आणि मधोमध एक माणूस कसाबसा मावेल एवढं चौकोनी भोक. गाड्या चालवायच्या त्या भोकात उभं राहून, आणि तिथे पोचायचं टेबलाखालून रांगत. हे सगळं सासऱ्यांनी बांधलं. जन्मभर खरी इंजिनं हाकून ते निवृत्त झाले होते. गुडघे बोलायला लागल्यावर रांगणं जावयाकडे आलं. 'घर मिळेपर्यंत' म्हणून राहायला आलेल्या जावयाकडे चार वर्षांत बरंच काही आलं होतं. त्यातलं हे एकच त्याने हौसेने घेतलं आणि तिथेच तो अडकला.

बायको औषधांच्या कारखान्यात तपासनीस. तिला दुसऱ्या गावी बढती आली होती, राहायच्या जागेसकट. होकार महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाचच्या आत कळवायचा होता.

"बाबांना तू सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांचं बीपी वाढतं. तू सांगितलंस तर नुसता आवाज."

"सांगतो ना. इंजिनाच्या दिव्यांचं मार्गी लागू दे. खुशीत असले की विषय काढतो."

इंजिन जुनं, वाफेचं, सासऱ्यांनी पहिल्यांदा चालवलेल्या इंजिनाची वीतभर प्रतिकृती. पुढे दोन दिवे. जावयाने पहिल्यांदा पांढरे एलईडी बसवले. सासरे दारात खुर्ची टाकून बसले होते.

"हे इंजिन आहे की दवाखान्याचा व्हरांडा?"

मग पिवळट बसवले.

"कावीळ झालीय याला."

मग पांढऱ्यावरच नारिंगी पारदर्शक रंगाचा पातळ हात दिला.

"वा, शेकोटी घेऊन निघालंय."

"पण तुमच्या वेळी नेमका रंग कसा होता?"

"तो बघितल्यावर कळतो, जावईबापू."

असे तीन आठवडे गेले. बायकोला वाटायचं, बाबांना काहीच माहीत नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षं मैलभरावरून सिग्नल ओळखला, त्याला जेवताना चाललेली कुजबुज कळणार नव्हती होय? दिवे पसंत पडले की लेक जाणार, एवढा हिशोब त्यांना जमत होता. म्हणून दिवे पसंत पडत नव्हते.

त्या शेवटच्या शनिवारी चार वाजता जावयाने पडदे ओढले आणि नवे, मऊ उजेडाचे एलईडी लावले. इंजिन बोगद्यातून बाहेर आलं. सासरे खुर्चीतून पुढे झुकले. टोमणा तोंडात तयार असणार, पण खऱ्या दिव्याला खोटं म्हणणं काही त्यांना जमेना.

"हाच," ते म्हणाले. "हाच होता."

बायको त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. बोल.

जावई इंजिनाकडे बघत होता. उजवा दिवा पहिल्या पाकिटातला, डावा दुसऱ्यातला. दोन्ही पाकिटांवर छापलेला रंगाचा आकडा एकच.

"डावा जरा निळसर नाही वाटत?" तो म्हणाला.

बायकोच्या भुवया खाली आल्या.

"आता म्हणताय तर," सासरे सावरून बसले, "आहे खरा."

बायकोने तिथेच फोन लावला. "हो, येतेय मी. सोमवारी रुजू होते. नाही, सध्या एकटीच." फोन ठेवून ती म्हणाली, "बाबा, ऐकलंत ना?"

"ऐकलं," सासरे म्हणाले. आवाज मुळीच चढला नाही.

"आणि तुझं जुळलं की ये," ती भोकाकडे बघून म्हणाली आणि जिना उतरली.

"अगं, थांब," म्हणत जावई टेबलाखाली वाकला.

"वाकलाच आहात," वरून सासऱ्यांचा आवाज आला, "तर खालच्या खोक्यातलं ते पहिलं पाकीट तेवढं काढा. त्यात एखादा उरला असेल."

जिन्यावरची पावलं अजून ऐकू येत होती. जावयाने हात लांब करून खोकं ओढलं.