सतरा फुटांची साक्ष

प्रल्हाद खानोलकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि वसईत साक्षीदारांना कोर्टात सोबत करणाऱ्या सहा जणांच्या गटात सामील झाले. साक्षीदाराला आधी एकदा रिकामं कोर्ट दाखवायचं, तारखेला बरोबर न्यायचं, धीर द्यायचा, एवढंच काम. काय सांगायचं हे मात्र शिकवायचं नाही. हा नियम खानोलकर इतका काटेकोर पाळत, की साक्षीदाराने चहा कसा झालाय विचारलं, तरी ते म्हणत, "ते तुमचं तुम्ही ठरवा."

१९९८च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे पाचूबंदरची मालू आली. बाजारात मासळी विकणारी, पन्नाशीची. तिच्या डोळ्यांदेखत बाजाराच्या कोपऱ्यावर एका स्कूटरवाल्याने रोझमेरी या शिवणशिक्षिकेच्या गळ्यातली साखळी ओढली होती. रोझमेरी पडली, मनगट मोडलं. साखळी सापडली नाही. आरोपी जामिनावर सुटला आणि रोज दुपारी त्याच कोपऱ्यावरच्या पानटपरीशी उभा राहू लागला. बोलत काही नसे, नुसता बघे. शाळा सुटल्यावर रोझमेरी वीस मिनिटांचा वळसा घालून घरी जाऊ लागली. त्याचा चेहरा पाहिलेली साक्षीदार एकटी मालू. तिची साक्ष कोसळली, तर तो सुटणार आणि कोपरा कायमचा त्याचा होणार.

खानोलकरांनी मालूला पिंजरा दाखवला, न्यायाधीश कुठे बसतात ते दाखवलं, पाण्याचा माठ दाखवला.

"वकील ओरडतील?" तिने विचारलं.

"ओरडले तरी चिडायचं नाही."

"मी बाजारात बसते, दादा. ओरडन्याचं मला काय?"

तारखेला पहिला अर्धा तास उत्तम गेला. मालूने शपथ घेतली, आरोपीकडे बोट दाखवलं, घटना सांगितली. रोझमेरी मागच्या बाकावर बसली होती. मग आरोपीचे वकील उलटतपासणीला उठले.

"स्कूटर तुमच्यापासून किती लांब होती? पन्नास फूट?"

मालू हसली. "पन्नास? काय बोलता! दहा."

"दहा फुटांवर तर समोरच्या दुकानाची पायरी आहे. चाळीस तरी?"

"नाय परवडत. बारा."

खानोलकरांनी सगळं समजावलं होतं, एवढंच सोडून. तीस वर्षं टोपलीमागे बसलेल्या बाईला समोरच्याने आकडा टाकला, की त्याच्या पाचव्या भागाने सुरुवात करायची, हे सांगावं लागत नाही. आणि कोर्टात तसं करायचं नसतं, हे सांगायला हवं, असं कुणालाच सुचलं नव्हतं.

"पस्तीस," वकील म्हणाले.

"चौदा. सकाळची वेळ आहे म्हनून."

"तीस!" वकिलांचाही आवाज चढला होता.

"पंधरा घ्या नि जावा."

सरकारी वकील फायलीत काहीतरी शोधत होते. खानोलकर नकळत अर्धे उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, तसे ते बसले.

वकील सावरले. "साहेब, नोंद व्हावी. साक्षीदाराने शपथेवर चार वेगवेगळी अंतरं सांगितली. हिने काही पाहिलेलंच नाही."

रोझमेरीने मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं.

न्यायाधीश मालूकडे वळले. "बाई, तुम्ही भाव करताय की अंतर सांगताय?"

"साहेब, सुरुवात त्यांनी केली. ते पन्नासवर बसले, मग मी खऱ्यावर कशी बसू? मधे कुठे भेटनार?"

"इथे मधे भेटायचं नसतं. जे आहे तेच पहिल्यांदा सांगायचं."

मालूने हे जरा पचवलं. "म्हंजे एकच भाव."

"एकच."

"मग आधी बोलायचं ना! मला फूट कळत नाय, साहेब. मी इथे बसले असेन, तर तो त्या कपाटाशी."

शिपायाने टेप आणली. पिंजऱ्यापासून कपाटापर्यंत सतरा फूट भरले. पोलिसांच्या नकाशातही सतराच होते. ते आता सरकारी वकिलांना सापडले.

आरोपीच्या वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "दिवसाला शंभर गिऱ्हाइकं बघता. याचाच चेहरा बरा लक्षात राहिला?"

"गिऱ्हाईक विसरते मी," मालू म्हणाली. "पन भाव न विचारता उचलून नेनारा तीस वर्षांत हा एकच बघितला."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी खाली बघून टंकलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. साक्षीदाराची साक्ष नैसर्गिक आणि विश्वासार्ह वाटते, असं त्यात नमूद होतं. आरोपीला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला तिथूनच पोलिसांनी नेलं.

"दोनच?" मालू बाहेर येऊन खानोलकरांवर उखडली. "तुमच्या सरकारी वकिलाने मागितले किती?"

"तीन."

"तीन मागून दोनच भेटनार! सात मागायचे. त्याला माझ्याकडे पाठवा एकदा."

खानोलकरांनी नियमाप्रमाणे यावर मत दिलं नाही.

रोझमेरी गेटपाशी थांबली होती. "दादा, आज दुपारी तो टपरीशी नसेल ना?"

"नसेल."

"नक्की?"

"तुमच्यासमोरच नेला ना त्याला."

तिने घड्याळ पाहिलं, पर्स खांद्यावर नीट केली आणि वळशाच्या गल्लीकडे न जाता सरळ बाजाराचा रस्ता धरला. मालू तिला गाठायला धावली.