गळ्यातला पाहुणा

गायक प्रभातकुमार वारल्याची बातमी सकाळी रेडिओवर आली आणि दुपारपर्यंत सक्करदऱ्यातले लोक बळीरामकडे सांत्वनाला येऊ लागले. नातं काहीच नव्हतं. बळीराम अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात प्रभातकुमारची गाणी हुबेहूब त्याच्या आवाजात गायचा, एवढंच. स्टेजवर त्याला बळीराम कुणी म्हणत नसे. ‘व्हॉइस ऑफ प्रभातकुमार’ म्हणत. रियाज व्हावा म्हणून तो बाजारात वांगीसुद्धा त्याच आवाजात मागायचा.

“लय वाईट झालं जी तुमचं,” शेजारचे आनंदराव म्हणाले.

“मी हाय ना जिवंत!”

आवाज मेलेल्याचा होता. आनंदराव चहा तसाच ठेवून उठले.

बळीरामने त्याच दिवशी गाणं सोडलं. मेलेल्याचा सदरा आपण घालत नाही, गळा कसा वापरायचा? पण स्वतःचा आवाज कुठं ठेवला होता, तेच आठवेना. त्यानं विहिरीत वाकून “बळीराम!” अशी हाक मारली. खालून प्रभातकुमारने हाक मारली.

आठवड्याने धाकट्या भावाने आईला, तुळसाबाईला, पारशिवनीहून आणून सोडलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळे होते तोवर तोंड पाहून तिनं पोराचा आवाज खपवून घेतला होता. आता तोंड दिसत नव्हतं.

“माय, मी आलो,” बळीराम दारातून म्हणाला.

“शामला, रेडिओ बंद कर वं. मेलेल्या माणसाले काहून बोलवून राहिले हे?”

“आत्याबाई, तुमचा पोरगा हाय,” त्याची बायको म्हणाली.

“माह्या पोराचा आवाज मले ठाऊक नाही?”

बळीराम तिच्याजवळ बसला. लहानपणी चिंचेवरून पडलो, तू हळद लावली, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तुळसाबाई भिंतीकडे सरकत गेली.

“याले आमच्या घरातलं कसं मालूम?” ती पुटपुटली. “देवापाशी दिवा लाव वं, शामला.”

बळीरामने तिचा हात धरला. तिनं तो झटकला.

शामलाने दिवा लावला नाही. ती चुलीपाशी गेली आणि रागारागात मूठभर सुक्या मिरच्या तापल्या तेलात टाकल्या. घरभर ठसका उठला. बळीरामला शिंका आल्या. तीन, आणि तिसरी शिंक लहानपणापासून यायची तशीच, बकरी दचकल्यासारखी, उलटी आत गेलेली.

“आला गा माहा बळीराम!” तुळसाबाईने हवेत दोन्ही हात पसरले. “कवापासून वाट पाहून राहिली मी. त्या मेल्यानं किती भेव दाखवलं! कुठं होता? बोल ना गा.”

बळीराम त्या हातांत जाऊन बसला. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग डोळे पुसत त्यानं शामलाला खुणेनं सांगितलं, आणखी टाक.