स्वेटर व्हायचा राहिलेला गुंडा

मित्रांनो, मी एक जुना, जांभळ्या लोकरीचा गुंडा आहे. माझ्या विरलेल्या अंगाला हसू नका. एके काळी दुकानात गिऱ्हाइके मला गालाला लावून बघत असत!

इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंनी मला धाकट्या बहिणीच्या स्वेटरसाठी आणले. पाठ झाली, एक बाही झाली आणि त्यांची आई आजारी पडली. "धाकटीला मी कळवते," असे मावशी म्हणाली आणि गडबडीत विसरून गेली. आई गेली. बाईंना वाटले, कळूनही ही आली नाही. धाकटीला वाटले, ताईने मुद्दाम कळवले नाही. मावशीने पुढे कबूल केले, पण तोवर दोघी नको ते बोलून बसल्या होत्या. रागाच्या भरात बाईंनी स्वेटर उसवला. एकेक टाका सुटताना मला काय वाटले, ते कोणाला सांगू?

मग माझी रवानगी वर्गात झाली. 'इम्ब्रोलिओ' हा इंग्रजी शब्द शिकवायचा असला की बाई मला काढत. टोक स्वतः धरत. मुले गोल उभी राहून मला एकमेकांकडे फेकत आणि बघता बघता सगळी अडकत.

"हा नुसता गुंता," बाई सांगत. "माणसामाणसांत गैरसमजांनी असा विचका झाला, की म्हणायचं इम्ब्रोलिओ. केसांच्या गुंत्याला म्हणाल तर मार्क कापीन हं!"

मुले खिदळत. माझे कौतुक होई. पण मला ओढ होती ती धाकटीच्या खांद्यांची.

यंदा मी फारच अडकलो. एक मुलगी म्हणाली, "बाई, कात्री आणू?"

"खबरदार!"

"मग आधी कोणाचं चुकलं, ते बघू या?"

"अगं, ते बघत बसलीस तर जन्मात सुटायचं नाही. ज्याच्या हातात टोक आहे, त्यानं आधी सैल सोडायचं."

बाईंची नजर स्वतःच्याच हातातल्या टोकावर गेली. त्यांचा चेहरा उतरला.

वर्ग सुटल्यावर त्यांनी फोन लावला. "तुझ्या बाहीचं माप काय गं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "फोनवर काय सांगू, ताई? येऊन घे की."

आता मी पिशवीत आहे, शेजारी सुया आणि टेप. बाई मात्र अजून आरशासमोरच, पुन्हा पुन्हा केस विंचरत आहेत. निघा हो लवकर!

मित्रांनो, तुमच्या घरी काही अर्धवट विणलेले असेल, तर रागाने उसवू नका. पुन्हा विणता येते. पण मधली थंडी कोणीतरी एकट्याने काढलेली असते.