जाफरच्या दाढीतली पिल्लं

शमसुन्निसाला फोटोचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर. लेकानं, तौसीफनं, नवा कॅमेरा घेतला आणि जुना मॅक्रो लेन्ससकट अम्मीला देऊन टाकला. परसातल्या मुंग्यांपासून सुरुवात करून ती आता तौसीफचा मित्र सुनिल दर रविवारी काढायचा त्या निसर्गफेरीला नेमानं जायची. नवरा जाफर गडचिरोलीत कापडाचं दुकान चालवायचा. गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस कोळी दिसला की पलंगावर चढायचा. म्हणूनच त्या रविवारी तो आपणहून सोबत निघाला तेव्हा ती चकितच झाली.

"घरी बसून बोर होऊन राह्यलो," एवढंच तो म्हणाला.

फेरी मार्कंडा गावी पोचली, तिथं नदीकाठच्या बोरीवर तिला हिरवी कोळीण दिसली. अंड्यांच्या पिशवीला पायांनी कवटाळून बसलेली. पिशवी एका कडेनं फाटली होती आणि आतून मोहरीहून बारीक पिल्लं बाहेर पडत होती. पण वारा सुटलेला. फांदी केसभर हलली तरी सगळं पुसट.

"अहो, फांदी धरता काय जरा?"

"मी?"

"दुसरं कोन आहे इथी?" बाकीची मंडळी पुढे गेली होती.

जाफरनं डोळे गच्च मिटून काटेरी फांदी चिमटीत धरली. ती गुडघ्यांवर बसली, श्वास रोखून फोटो काढू लागली. पिल्लं शेंड्यावर चढली, पोट वर करून धागे सोडू लागली आणि वाऱ्यावर तरंगत निघाली. त्यातली बरीच थेट जाफरच्या पांढऱ्या दाढीत उतरली.

"शम्मो, दाढीत काहीतरी चालून राह्यलं."

"पिल्लं आहेत. हालू नोका, तुम्हाले माझी कसम."

"चावतीन काय?"

"नाई जी."

त्याच्या कपाळावर घाम आला, पण फांदी हलली नाही. थोड्या वेळानं त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. नाकासमोरून एक पिल्लू धाग्यावर लोंबकळत चाललं होतं.

"पंख नाई, काई नाई, अन् उडते कसं हे?"

ती सांगू लागली. ऐकता ऐकता तो अलगद वाकला, दाढी पानांना टेकवली आणि एकेक पिल्लू उतरेपर्यंत तसाच राहिला. लहानपणी तौसीफ मांडीवर झोपला की तो असाच अवघडून बसायचा. तिनं कॅमेरा खाली ठेवला आणि नुसती बघत राहिली.

तेवढ्यात सुनिलची हाक आली, "भाभी, चहा थंडा होऊन राह्यला!"

"तुमी घ्या रे," जाफरच ओरडला. "आमचं काम चालू आहे!"